न उतरलेलं विमान

आमचे घरमालक ओटा उतरताना स्वतःची बातमी देत उतरायचे. "उजवा गुडघा, आवाज आहे, दुखत नाही. पायरी ओली. वारा समुद्राकडून, बेताचा." ऐकायला शेजारी कोणी नसायचं. वाडीत चिकूची झाडं, झाडांवर वटवाघळं आणि माडीवरच्या खोलीत मी. वटवाघळांना त्याचं काही वाटत नसावं. मला मात्र सुरुवातीला दात घासता घासता अंगावर काटा यायचा, कारण ते वाक्यांच्या मधे थांबायचे. समोरच्यानं "हं, पुढे" म्हणावं, एवढा वेळ थांबायचे आणि मगच पुढचं सांगायचे.

मी तेव्हा चारोटी नाक्यावर औषधाच्या दुकानात कामाला होते. नाशिककडची, एकटी, आणि एकट्या बाईला खोली देताना लोक जे प्रश्न विचारतात त्यांना विटलेली. सरावलीच्या ह्या म्हाताऱ्यानं एकही प्रश्न विचारला नाही. त्यानं मला फक्त जिना चढायला लावला. मग उतरायला. मग पुन्हा चढायला. स्वतः खाली लाकडाला कान लावून उभा. मनात आलं, हा भाडेकरू ठेवतोय की बैल पारखतोय? शेवटी कान काढून म्हणाले, "जिना तुला झेपेल आणि तू जिन्याला. ये राहायला." एवढ्यावर मी सामान आणलं.

सगळे त्यांना कमांडर म्हणत. हवाई दलात ते चाचणी वैमानिक होते. म्हणजे नेमकं काय, हे मला ठाऊक नव्हतं, आणि डहाणू रोडच्या बाजारात निम्म्या लोकांची समजूत होती की ते विमानं दुरुस्त करत. एकदा मी विचारलंच.

"नवं विमान कारखान्यातून बाहेर येतं ना, तेव्हा त्याचा स्वभाव कोणालाच माहीत नसतो," ते म्हणाले. "कागदावर माहीत असतो. पण कोणीतरी त्याला पहिल्यांदा वर नेऊन बघावं लागतं. कुठे अडतं, कुठे रुसतं, कुठे जीव घेतं. ते काम आमचं."

"आणि जीव घेतला तर?"

"तर बोलत राहायचं. हात काय करतोय, काटा काय दाखवतोय, पायाखाली काय थरथरतंय, सगळं तोंडानं सांगायचं. खाली टेप चालू असते. माणूस परत आला नाही तरी त्याचं बोलणं राहतं. पुढचा त्यावरून शिकतो. वर जो गप्प बसला, तो फुकट मेला."

नोकरी सुटून जमाना झाला, पण ही खोड सुटली नव्हती. एकदा मला भेटायला चारोटीला आले तेव्हा नाक्यावरच्या हॉटेलात बसून त्यांनी वड्याचं वर्णन सुरू केलं. "बाहेरून कडक. आत गार. मिरची उशिरा येते, पण येते." गल्ल्यावरचा मालक वलसाडकडचा. तो काकुळतीला येऊन म्हणाला, "काका, खाई लो ने, ठंडुं थई जशे." कमांडर शांतपणे म्हणाले, "गारच आहे. तेच सांगतोय." आजूबाजूचे ट्रकवाले हसले. मीही हसले, पण लाजून.

कान मात्र विलक्षण. माझी स्कूटर सुरू झाली की खिडकीतून ऐकायचे. एका संध्याकाळी मी परतले तेव्हा म्हणाले, "उद्या नेऊ नकोस. पट्टा रानशेतच्या पुढे जाणार नाही." सकाळी मी दुर्लक्ष केलं, उशीर झाला होता. रानशेतच्या चढावर पट्टा तुटला. उन्हात उभी होते तर समोरच्या पाड्यावरून लखमी तांब्या घेऊन आली. ही आमच्याच वाडीत चिकू काढायला यायची, जीपमध्ये दाटीवाटीनं बसून रोज तिथून सरावलीला. पाणी देत म्हणाली, "शेठनी सांगितलेलां ना? मग कशाला नेलीस बाय?" तिला कोणी सांगितलं, हे मी त्या वेळी विचारलं नाही. कमांडर सांगायचे ते सगळ्या वाडीला ऐकू जायचं, तेव्हा त्यात नवल नव्हतं.

नवल होतं ते वाडीच्या मधल्या पट्टीचं. चिकूच्या दोन ओळींमध्ये एक लांबच लांब जागा त्यांनी मोकळी ठेवली होती. तिथे काही लावायचं नाही, गवत वाढू द्यायचं नाही, गुरं तर नाहीच. एका टोकाला बांबूवर केशरी कापडाची, दोन्हीकडून उघडी अशी बाही बांधलेली. वारा आला की ती फुगायची आणि वाऱ्याची दिशा दाखवायची. दुपार कलली की कमांडर तिथे प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसत. एरवी ते बोलत आणि कोणीतरी ऐकल्यासारखं थांबत. तिथे उलटं व्हायचं. तिथे ते ऐकत. मधूनच म्हणत, "ऐकतोय. बोल." आणि पुन्हा गप्प.

मी शेजाऱ्यांकडे चौकशी केली. कोणी म्हणालं डोकं फिरलंय, कोणी म्हणालं बायको गेल्यापासून असं. खरं त्यांनीच एका रविवारी सांगितलं, तेही चहात साखर किती आहे हे सांगावं तशा आवाजात. त्यांचा एक मित्र होता. दोघे एकाच तुकडीतले, एकाच खोलीत राहिलेले. एका नव्या विमानाची चाचणी समुद्रावर होती. उड्डाण कमांडरांचं होतं, पण ऐन वेळी मित्र गेला आणि हे खाली कानाला यंत्र लावून बसले. मित्र नियमाप्रमाणे सगळं सांगत होता. उंची, वेग, थरथर. मग म्हणाला, "थांब, सांगतो." त्यानंतर काही नाही. विमान सापडलं नाही, माणूस सापडला नाही, कारण कळलं नाही.

"त्यानं थांब म्हटलंय," कमांडर म्हणाले. "मी उठलो तर ऐकणारं कोणी उरत नाही."

मी औषधं विकणारी बाई. अशा वेळी काय बोलावं हे मला कळत नाही. मी कप उचलून वर निघून आले आणि त्या दिवसापासून त्यांची चेष्टा करणं बंद केलं.

त्या मित्राच्या नावानं एक पुरस्कार होता. दर वर्षी एखाद्या अव्वल चाचणी वैमानिकाला द्यायचे. कमांडरांना तो देण्यासाठी दर थोड्या वर्षांनी फोन यायचा आणि ते दर वेळी एकच उत्तर द्यायचे, "उड्डाण संपल्याशिवाय बक्षीस घेत नसतात." पलीकडच्याला वाटायचं म्हातारा विनयानं बोलतोय. शेवटी त्या लोकांनी विचारणंच सोडलं आणि एका दुपारी सरळ गाडी घेऊन आले. गणवेशातले दोन अधिकारी, एक पोक्त, एक कोवळा. हायवेवर चारोटीला वळायचं चुकले आणि थेट तलासरी गाठून परत फिरले होते, त्यामुळे घामाघूम. मी सरबत केलं.

पुरस्कार म्हणजे शिसवी लाकडाची फळी. तिच्यावर पितळेत उठवलेला त्या मित्राचा चेहरा, डोक्याला शिरस्त्राण, ओठांवर हसू, खाली नाव. कोवळ्या अधिकाऱ्यानं तो दोन्ही हातांनी पुढे केला. म्हणाला, "सर, ह्या नावावर आम्ही शिकलो. ज्यांच्यामुळे हे नाव आम्हाला कळलं, त्यांच्याकडे हा नाही, हे बरं दिसत नाही." कमांडरांनी तो घेतला. जो माणूस सरबतातल्या लिंबाच्या बीचीही दखल घ्यायचा, तो त्या वेळी एक शब्द बोलला नाही. पाहुणे गेल्यावर त्यांनी फळी बैठकीतल्या कपाटावर ठेवली, चेहरा भिंतीकडे करून.

"असं का?" मी विचारलं.

"मला बघवत नाही त्याच्याकडे," ते म्हणाले.

त्यानंतर घर बिघडलं. दुसरा शब्द मला सुचत नाही. कमांडरांचं जेवण सुटलं. ताटावर बसायचे, "भूक नाही, तोंडाला चव नाही" असं सांगायचे आणि उठायचे. वाक्यांमधला थांबण्याचा वेळ वाढत गेला. आधी "हं" म्हणण्याएवढा होता, आता कोणीतरी सविस्तर काही सांगावं एवढा झाला. मी माडीवर जमिनीला कान लावायचं टाळायचे, तरी कान तिकडेच असायचा.

एका दुपारी त्यांच्या गोळ्या घेऊन पट्टीवर गेले. ऊन रणरणत होतं आणि वारा अगदी पडलेला. चिकूचं एक पान हलत नव्हतं. बांबूवरची बाही मात्र फुगलेली होती, पूर्ण, ताठ, पट्टीच्या दिशेनं तोंड करून. मी आधी झाडांकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा झाडांकडे. कमांडरांनी ओठांवर बोट ठेवलं.

"तो बोलत नाहीये," ते हळूच म्हणाले. "पण बोलायचं बटण दाबून धरलंय त्यानं. समोरचा नुसता बटण दाबून बसला ना, की एक पोकळी ऐकू येते. ऐक."

मला काही ऐकू आलं नाही, असं इथे लिहायला मला आवडलं असतं. पण ती पोकळी मला ऐकू आली. फोनवर पलीकडचा माणूस न बोलता थांबला की जशी येते तशी. मग बाही एकदम खाली पडली आणि दूर कुठेतरी कोकीळ ओरडला. मी गोळ्या त्यांच्या हातात दिल्या आणि दुसऱ्याच दिवशी चारोटीला खोली बघायला लागले.

त्याच आठवड्यात लखमी बैठकीत झाडायला आली. एरवी ती घरात येत नसे, पण कमांडरांची अवस्था बघून घरचंही करू लागली होती. कपाट पुसताना तिनं फळी फिरवली आणि तिच्या हातातलं फडकं गळून पडलं.

"शेठ, हा कोन?"

"माझा मित्र."

"मेलेला?"

मी मान हलवली.

"कठं मेला? घरात?"

"समुद्रात," मी म्हणाले. "सापडला नाही."

लखमीच्या पाड्यावर असा कोणी अवचित मेला, परमुलखात मेला, तर दगडावर नाहीतर लाकडाच्या फळीवर त्याचं रूप कोरतात, त्याला वीर म्हणतात. भगत येतो, त्याला बोलावतो, त्याचं मागणं विचारतो, आणि मग शेंदूर लावून त्याला शिवेवर बसवतात. बसवला की तो घराण्याचा. बसवला नाही तर हिंडत राहतो. बक्षीस वगैरे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिनं लाकूड पाहिलं, त्यावर मेलेल्याचं तोंड पाहिलं आणि तिला जे कळायचं ते कळलं.

"ह्याला कोरला, घरात आनला, न् बसवला नाय?" ती म्हणाली. "भिताडाला तोंड करून ठेवला? वर रोज हाक मारतां त्याला, बोल बोल. तो जायल कसा, शेठ?"

"लखमी, तो पुरस्कार आहे," मी म्हणाले.

"काय पन असंल," ती म्हणाली.

कमांडर ताडकन उठले. त्यांना मी कधी आवाज चढवलेला ऐकला नव्हता. त्या दिवशी ऐकला. "उद्यापासून घरात पाऊल टाकायचं नाही," म्हणाले. लखमीनं फळी होती तशी भिंतीकडे केली आणि बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी ती आली, पण वाडीच्या पार त्या टोकाला काम करत राहिली आणि घराकडे तिनं पाहिलं नाही.

मी खोली पक्की केली होती. सामान बांधायला घेतलं त्या सकाळी कमांडर जिन्याच्या खालच्या पायरीवर येऊन बसले. त्यांच्या अंगावरचा सदरा आता दुसऱ्या कोणाचा असावा असा दिसत होता.

"झोप नाही," त्यांनी सुरू केलं. "डावा हात थरथरतोय. छातीत धडधड. कारण माहीत आहे." थांबले. ह्या वेळी ते माझ्यासाठी थांबले होते.

"काय कारण?" मी विचारलं.

"त्याला बसवला तर तो गेला. मग तिथे काय झालं हे मला कधीच कळणार नाही. आणि नाही बसवला तर तो तिथेच. इंधन नाही, जमीन नाही, नुसता वर. मी जिवंत आहे तोवर." त्यांनी डोळे पुसले. "लखमीचा दीर भगत आहे ना? त्याला आणायला सांग."

मी सामान तसंच टाकून वाडीच्या टोकाला गेले. लखमीनं काही विचारलं नाही. "आनतां," एवढंच म्हणाली.

भगत म्हणजे जटा वाढवलेला कोणी असेल असं मला वाटलं होतं. आला तो तलासरीच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाणारा बारीकसा माणूस, सुट्टी टाकून आलेला. खिशातला मोबाइल त्यानं माझ्याकडे सांभाळायला दिला. पट्टीच्या टोकाला, बांबूच्या खाली, लखमीनं शेण सारवून ठेवलं होतं. त्यावर तांदूळ, ताडीची बाटली, शेंदूर. मधे ती शिसवी फळी, चेहरा आकाशाकडे. सकाळचं कोवळं ऊन पितळेवर पडलं होतं. मी पहिल्यांदाच तो चेहरा नीट पाहिला. किती तरुण होता.

भगत सुपातले तांदूळ बोटांनी फिरवत पुटपुटत राहिला. बराच वेळ काही घडलं नाही आणि मला बरं वाटायला लागलं. मग त्याची बोटं थांबली. अंग आधी कापलं आणि मग इतकं स्थिर झालं, की श्वास चालतोय का हे मी बघू लागले. बाहीकडे बघायचं मी टाळलं.

"आला," लखमी म्हणाली. "शेठ, विचारा काय ते."

कमांडर गुडघ्यांवर बसले होते. कितीतरी वर्षं घोकलेला प्रश्न त्यांनी एका दमात विचारला. "शेपटी होती की इंजिन? शेवटी काय दिसलं तुला? सांग. मी ऐकतोय."

भगतानं सावकाश मान हलवली, नाही अशी. मग डोळे न उघडता, आजाऱ्याजवळ बसून विचारावं तितक्या मायेनं त्यानं विचारलं, "तुझी सर्दी कशी आहे रं? गेली?"

कमांडरांचा चेहरा मी आजन्म विसरणार नाही. लखमी माझ्याकडे बघू लागली, मी तिच्याकडे. आम्हा दोघींना ह्या प्रश्नाचा अर्थ लागत नव्हता.

"मला सर्दी नव्हती," कमांडर म्हणाले.

मग ते फळीवरच्या चेहऱ्याकडे बघत बोलू लागले.

"नाक बंद असलं की वर पाठवत नाहीत. कान फुटतात. म्हणून मी सर्दी सांगितली. खोटं सांगितलं." आवाज तोच होता, बातमी देण्याचा, फक्त आता तो फाटत होता. "आदल्या दिवशी विमान जमिनीवर पळवताना मला शेपटीकडून एक थरथर लागली होती. एकदाच. यंत्रांवर आली नाही. मला तिची भीती वाटली. सांगितलं असतं तर म्हणाले असते, हा घाबरला. म्हणून मी ती कोणाला सांगितली नाही. तुलाही नाही. सगळं बोलायचं असतं. तेवढं एक मी बोललो नाही." त्यांनी कपाळ जमिनीला टेकलं. "तू माझ्या जागी गेलास आणि मी तुला सांगितलं नाही."

भगताचा हात पुढे आला आणि न चाचपडता बरोबर कमांडरांच्या डोक्यावर पडला.

"मना मालूम होता," तो म्हणाला. "तुझा नाक मोकलाच होता."

एवढं बोलून भगत आडवा झाला. लखमीनं त्याच्या तोंडावर पाणी मारलं. कमांडर तसेच जमिनीला डोकं टेकून रडत होते, लहान मुलं रडतात तसं, मोठ्यानं. मलाही रडू फुटलं. ज्याला माहीत होतं आणि तरी जो गेला, त्या पितळेच्या हसऱ्या पोराकडे मला आता बघवेना. थोड्या वेळानं कमांडर उठले, बोटं शेंदरात बुडवली आणि त्याच्या कपाळावर, गालांवर, शिरस्त्राणावर स्वतः फिरवली. "बस बाबा," म्हणाले. "बस आता."

मी चारोटीची खोली सोडून दिली. कमांडर त्यानंतर वर्षभर जगले आणि जेवून-खाऊन जगले. गुडघ्याबद्दल, पायरीबद्दल, वाऱ्याबद्दल त्यांनी पुन्हा चकार शब्द काढला नाही. त्यांची ती सर्दी त्यांनी बायकोलासुद्धा कधी सांगितली नव्हती, मग भगताला कुठून कळली, हे मी त्यांना एकदा विचारलं. ते फक्त हसले. पट्टीवर त्यांनी चिकूची कलमं लावली, लखमी आणि ते दोघांनी मिळून.

तो भगत मला अजून भेटतो, चारोटीला, कारखान्याच्या बसमधून उतरताना. डोकेदुखीच्या गोळ्या घेतो. एकदा दुकानात दुसरं गिऱ्हाईक नाही असं बघून मी त्याला विचारलं, "त्या दिवशी ते सर्दीचं तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

त्यानं गोळ्या खिशात घातल्या आणि मलाच विचारलं, "कोनाची सर्दी, बाय? मी तर तठं नव्हतोच."